छापील आज्ञावलीतील चूक आणि तिची दुरुस्ती : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८४३ ते २००६)

सारांश :
संगणकाच्या आज्ञावल्यांची उदाहरणे पुस्तकांतून, नियतकालिकांतून व माहितीपुस्तिकांतून छापली जातात आणि वाचक ती विश्वासाने उतरवून घेतात. अशा उदाहरणात चूक राहिल्यास ती एका पानापुरती मर्यादित राहत नाही. प्रस्तुत शोधनिबंधात एडा लव्हलेस यांचा १८४३ चा तक्ता, 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकातील १९६० पासूनचा अल्गोरिदम विभाग, पीटर नाउर यांची १९६९ ची आज्ञावली आणि बायनरी सर्चचे २००६ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण यांच्या आधारे छापील उदाहरणातील चुकीच्या दुरुस्तीचा इतिहास तपासला आहे. चूक शोधणे ही व्यक्तीच्या बुद्धीची बाब असली, तरी ती दुरुस्त होणे ही व्यवस्थेची बाब आहे, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजशब्द : आज्ञावली, छापील उदाहरण, शुद्धिपत्र, प्रमाणन, बायनरी सर्च, संगणकाचा इतिहास.

१. प्रस्तावना :

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक वह्या पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. क्रमाने लावलेल्या यादीतून एखादी संख्या शोधून काढण्याची आज्ञावली सर्व वह्यांत एकसारखी होती, कारण ती एकाच छापील पुस्तिकेतून उतरवलेली होती. 'खालची सीमा वरच्या सीमेपेक्षा लहान असेल तोपर्यंत शोध चालू ठेवावा' अशी अट त्यात होती. वास्तविक ती 'लहान किंवा समान' अशी हवी. एका विद्यार्थ्याने आपल्या वहीत पेन्सिलीने ही दुरुस्ती केली होती आणि त्या दुरुस्तीवर लाल शाईची फुली होती. पुस्तिकेत तसे नाही, एवढेच त्या फुलीचे कारण.

हे उदाहरण किती चुकीचे होते हे पाहण्यासाठी फार गणिताची गरज नाही. सात संख्यांची यादी घेतली तर या आज्ञावलीस दुसरी, चौथी व सहावी संख्या सापडते. पहिली, तिसरी, पाचवी व सातवी यादीत असूनही 'सापडली नाही' असे उत्तर मिळते. पुस्तिकेतील नमुना-उत्तरात चौथी संख्या शोधलेली होती. त्यामुळे उदाहरण बरोबर असल्याचा भास वर्षानुवर्षे टिकून राहिला.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक प्रश्न पडतो. हस्तलिखित पोथ्यांतील चुका कशा शिरतात व त्या कशा काढल्या जातात, याची आपल्याकडे मोठी अभ्यासपरंपरा आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे त्या परंपरेचे ठळक उदाहरण होय. परंतु तेथे दुरुस्तीचा हेतू मूळ कर्त्याच्या शब्दापर्यंत पोहोचणे हा असतो. आज्ञावलीच्या बाबतीत मूळ कर्त्याचाच शब्द चुकीचा असू शकतो आणि मग दुरुस्ती करणाऱ्यास कर्त्याच्या पलीकडे जावे लागते. असे करण्याचा अधिकार वाचकाला कधी व कसा मिळाला, हा या निबंधाचा विषय आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे :

१) छापील आज्ञावलीतील चुकांची काही महत्त्वाची ऐतिहासिक उदाहरणे तपासणे.
२) या चुका कोणत्या मार्गाने लक्षात आल्या व दुरुस्त झाल्या, याचा शोध घेणे.
३) या इतिहासाच्या आधारे अध्यापनातील छापील उदाहरणांच्या वापराचा विचार करणे.

३. अभ्यासपद्धती व मर्यादा :

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उदाहरणांची निवड करताना ज्यांतील चूक व दुरुस्ती या दोहोंचीही नोंद उपलब्ध आहे, अशीच प्रकरणे घेतली आहेत. शक्य तेथे चुकीचा परिणाम प्रत्यक्ष आकडेमोड करून पडताळला आहे. चालू स्थितीतील संगणकप्रणालींमधील दोष हा वेगळा विषय असून त्याचा विचार येथे फक्त छापील उदाहरणाच्या अनुषंगाने केला आहे.

४. विषय विवेचन :

४.१ कोष्टकांतील चुका आणि बॅबेज यांची प्रेरणा

संगणनयंत्राची कल्पनाच मुळात छापील चुकांच्या त्रासातून पुढे आली. १८२१ मध्ये चार्ल्स बॅबेज व जॉन हर्शेल हे खगोलशास्त्रीय कोष्टके तपासत असताना त्यांत इतक्या चुका आढळल्या की ही आकडेमोड वाफेच्या यंत्राने झाली असती तर किती बरे झाले असते, असे बॅबेज यांना वाटले. त्या काळी नौकानयन, खगोलशास्त्र व विमा या सर्व क्षेत्रांचा आधार छापील कोष्टके हा होता. कोष्टकात चूक दोन ठिकाणी शिरत असे. एक म्हणजे आकडेमोड करताना आणि दुसरी म्हणजे खिळे जुळवताना. म्हणूनच बॅबेज यांच्या यंत्रात केवळ गणित करण्याची नव्हे, तर उत्तर थेट छपाईच्या साच्यावर उमटवण्याचीही योजना होती.

शुद्धिपत्र हा यावरचा प्रचलित उपाय होता. पण शुद्धिपत्रही माणसेच तयार करीत आणि तेही छापखान्यातूनच जात असे. डायोनिसियस लार्डनर यांनी १८३४ मध्ये बॅबेज यांच्या यंत्रावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात मायकेल टेलर यांच्या लॉगरिदमच्या कोष्टकांचे उदाहरण दिले आहे. 'नॉटिकल अल्मनॅक' या वार्षिकात या कोष्टकांचे शुद्धिपत्र छापले गेले. त्या शुद्धिपत्रात चूक निघाली. पुढे त्या शुद्धिपत्राचे शुद्धिपत्र छापावे लागले आणि तेवढ्यावरही प्रकरण थांबले नाही. दुरुस्ती ही आपोआप विश्वसनीय नसते, तिचीही तपासणी करावी लागते, हा धडा संगणक जन्माला येण्यापूर्वीच मिळालेला होता.

४.२ लव्हलेस यांचा तक्ता (१८४३)

बॅबेज यांनी १८४० मध्ये इटलीतील तुरिन येथे आपल्या 'ॲनालिटिकल इंजिन' या नियोजित यंत्राविषयी विवेचन केले. त्यावर आधारित लेख लुइजी मेनाब्रेआ यांनी १८४२ मध्ये जिनिव्हाच्या एका नियतकालिकात फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केला. एडा लव्हलेस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला व त्यास 'ए' ते 'जी' अशा सात विस्तृत टिपा जोडल्या. रिचर्ड टेलर यांच्या 'सायंटिफिक मेमॉयर्स' या मालिकेत १८४३ मध्ये हे लेखन प्रसिद्ध झाले. शेवटच्या, 'जी' या टिपेत बर्नोली संख्या यंत्राकडून कशा काढून घेता येतील, हे दाखवणारा पंचवीस क्रियांचा एक तक्ता आहे. प्रसिद्ध झालेली पहिली संगणक-आज्ञावली असे त्याचे वर्णन अनेकदा केले जाते. त्या पदवीविषयी अभ्यासकांत वाद असला, तरी यंत्राचा परिचय करून देण्यासाठी छापलेले सविस्तर उदाहरण या दृष्टीने त्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

या तक्त्यातील चौथ्या क्रियेत चूक आहे. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत क्रिया कोणती, ती कोणत्या चलांवर करावयाची, उत्तर कोणत्या चलात ठेवावयाचे आणि उत्तराचे मूल्य काय येईल, अशी माहिती स्तंभांत दिलेली आहे. दुसऱ्या क्रियेनंतर चौथ्या चलात '२न − १' आणि तिसऱ्या क्रियेनंतर पाचव्या चलात '२न + १' ही किंमत असते. चौथी क्रिया भागाकाराची आहे. तिच्या उत्तराच्या स्तंभात '२न − १ भागिले २न + १' असे बरोबर छापले आहे. म्हणजे चौथ्या चलाला पाचव्या चलाने भागावयास हवे. परंतु क्रियेच्या स्तंभात मात्र पाचव्या चलाला चौथ्याने भागावे, असे उलट छापले गेले आहे.

परिणाम किती होतो ते पाहता येईल. तक्त्यातील उदाहरणात न ची किंमत ४ आहे. त्यामुळे भागाकार ७/९ यावयास हवा. छापील सूचनेनुसार तो ९/७ येतो. लव्हलेस ज्या संख्येला 'बी-७' म्हणतात तिच्या आधीच्या तीन बर्नोली संख्या तक्त्यात गृहीत धरलेल्या आहेत. त्या बरोबर घेऊन पुढील गणित केले असता, चिन्हाचा प्रश्न बाजूला ठेवून, योग्य उत्तर १/३०, म्हणजे २१/६३० येते. उलट्या भागाकाराने ते १३९/६३० येते. एका भागाकारातील अदलाबदलीने उत्तर सहा पटींहून अधिक मोठे झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ओळीतील दोन स्तंभ परस्परविरोधी आहेत आणि तरीही वाचकास अडखळल्यासारखे होत नाही. माणूस उत्तराचा स्तंभ वाचतो, अभिप्राय समजून घेतो आणि चूक नकळत मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. यंत्राला मात्र अभिप्राय कळत नाही. त्याला दिलेली सूचना तेवढी कळते. ॲनालिटिकल इंजिन बॅबेज यांच्या हयातीत कधीच बांधून पूर्ण झाले नाही. लव्हलेस १८५२ मध्ये व बॅबेज १८७१ मध्ये निवर्तले. त्यामुळे हे उदाहरण तपासणारे यंत्रच अस्तित्वात नव्हते. विसाव्या शतकात, विशेषतः बी. व्ही. बाउडेन यांनी १९५३ च्या आपल्या 'फास्टर दॅन थॉट' या पुस्तकात या टिपा पुन्हा छापल्यानंतर, त्या नव्याने वाचकांपुढे आल्या. ज्यांनी हा तक्ता आधुनिक संगणकभाषेत उतरवून प्रत्यक्ष चालवून पाहिला, त्यांना चौथ्या क्रियेशी थांबावेच लागले.

ही चूक निष्काळजीपणाची म्हणता येणार नाही. लव्हलेस या काटेकोर होत्या. बॅबेज यांनी बर्नोली संख्यांचे बीजगणित त्यांना करून दिले तेव्हा त्यातील एक गंभीर चूक त्यांनीच दाखवून दिली, असे बॅबेज यांनी १८६४ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. जुलै १८४३ मधील त्यांच्या पत्रव्यवहारावरून असे दिसते की तक्ता प्रथम पेन्सिलीने तयार झाला, त्यांच्या पतीने तो शाईने गिरवला आणि मग तो छपाईसाठी गेला. इतक्या हातांतून गेलेल्या मजकुरात चूक राहणे अस्वाभाविक नाही. मेनाब्रेआ यांच्या फ्रेंच लेखातही असेच घडले होते. तेथे 'बाब' किंवा 'प्रसंग' या अर्थाच्या शब्दातील एक अक्षर बदलून त्याजागी त्रिकोणमितीतील 'कोसाइन'चे संक्षिप्त रूप छापले गेले आणि अर्थहीन असूनही ते इंग्रजी अनुवादात तसेच उतरले. छापील शब्दाचा दरारा विदुषींनाही जाणवतो, हे त्यावरून दिसते.

४.३ प्रमाणनाची प्रथा (१९६० नंतर)

लव्हलेस यांच्या काळी दोन गोष्टींचा अभाव होता. उदाहरण चालवून पाहण्याचे यंत्र नव्हते आणि आढळलेली चूक नोंदवण्याची जागा नव्हती. १९५० च्या दशकात यंत्रे आली. जागा निर्माण झाली ती १९६० मध्ये. अमेरिकेतील 'असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी' या संस्थेच्या 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकाने फेब्रुवारी १९६० पासून जे. एच. वेगस्टीन यांच्या संपादनाखाली अल्गोरिदमचा स्वतंत्र विभाग सुरू केला. आज्ञावल्या अल्गोल या भाषेत छापल्या जात व प्रत्येकीस अनुक्रमांक दिला जाई.

या विभागाचे वेगळेपण आज्ञावल्या छापण्यात नव्हते. वाचकांनी त्या चालवून पाहाव्यात आणि आपला अनुभव त्याच पानांवर नोंदवावा, ही त्याची खरी विशेषता होती. अशा नोंदींना 'सर्टिफिकेशन', म्हणजे प्रमाणन, आणि 'रिमार्क', म्हणजे अभिप्राय, अशी नावे होती. अचूकतेची कोणतीही हमी दिली जात नाही, असेही तेथे स्पष्ट करण्यात येई. हमी न देता तपासणीचे निमंत्रण देणे, हा विश्वासाचा एक नवा प्रकार होता.

याचे एक बोलके उदाहरण म्हणजे टोनी होअर यांच्या आज्ञावल्या. जुलै १९६१ मध्ये होअर यांचे ६३, ६४ व ६५ या क्रमांकांचे अल्गोरिदम प्रसिद्ध झाले. त्यांतील ६४ वा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला 'क्विकसॉर्ट'. ऑगस्ट १९६२ मध्ये जे. एस. हिलमोर यांचे प्रमाणन प्रसिद्ध झाले. 'फाइंड' या ६५ व्या आज्ञावलीच्या मजकुरात दुरुस्ती करून या आज्ञावल्या एलियट संगणकावर यशस्वीपणे चालवल्याचे त्यात नोंदलेले आहे. पुढे १९७१ मध्ये होअर यांनी याच 'फाइंड'च्या अचूकतेची तर्कशुद्ध सिद्धता त्याच मासिकात मांडली. होअर यांचे नाव दुरुस्तीमुळे उणे झाले नाही. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव मात्र मूळ कर्त्याच्या नावासोबत नोंदले गेले. वहीतील लाल फुलीशी याची तुलना केली असता दोन व्यवस्थांतील अंतर लक्षात येते.

याच मासिकात जानेवारी १९६६ मध्ये हॅरिस हायमन यांनी दोन प्रक्रियांनी एकाच साधनाचा आळीपाळीने वापर करण्याची एक सुटसुटीत रीत सुचवली. ती सदोष असल्याचे डोनाल्ड नूथ यांनी मे १९६६ मध्ये त्याच मासिकातून दाखवून दिले. चार महिन्यांत झालेली ही दुरुस्ती, १८४३ च्या तक्त्याच्या पार्श्वभूमीवर, नोंदीच्या जागेचे महत्त्व सांगण्यास पुरेशी आहे.

४.४ नाउर यांची पंचवीस ओळींची आज्ञावली (१९६९ ते १९७५)

यंत्र व जागा दोन्ही असूनही चूक टिकू शकते, हे पीटर नाउर यांच्या उदाहरणावरून दिसून येते. नाउर हे डॅनिश शास्त्रज्ञ अल्गोल ६० च्या प्रसिद्ध अहवालाचे संपादक होत. १९६९ मध्ये आज्ञावली-रचनेची एक शिस्तबद्ध पद्धत विशद करताना त्यांनी सुमारे पंचवीस ओळींची एक आज्ञावली उदाहरणादाखल दिली. मजकुरातील शब्द न तोडता, ठरावीक रुंदीत बसतील इतके शब्द प्रत्येक ओळीत भरावयाचे, एवढेच तिचे काम. ती बरोबर का आहे, याचे विवेचनही त्यांनी सोबत केले होते.

१९७० मध्ये बर्ट लेव्हनवर्थ यांनी परीक्षण करताना एक दोष दाखवला. पहिल्या ओळीतील पहिल्या शब्दाआधी, तो शब्द नेमका ओळीच्या रुंदीइतका नसेल तर, एक कोरी जागा सुटत होती. १९७१ मध्ये राल्फ लंडन यांनी आणखी तीन दोष दाखवले. ओळीच्या रुंदीहून लांब शब्द आल्याशिवाय ही आज्ञावली थांबतच नाही, हा त्यांतील एक. लंडन यांनी सुधारित आज्ञावली दिली व तिच्या अचूकतेची औपचारिक सिद्धताही मांडली. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ व सुझन गेर्हार्ट यांनी लंडन यांच्या नजरेतून सुटलेले आणखी तीन दोष दाखवले. शेवटच्या शब्दानंतर कोरी जागा किंवा नवी ओळ नसेल, तर तो शब्द छापलाच जात नाही, हा त्यांतील एक होय.

सहा वर्षांच्या या साखळीत दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिल्या शब्दाआधीची कोरी जागा आज्ञावली एकदा चालवून पाहिली असती तर डोळ्यांनी दिसली असती. मग सिद्धतेपेक्षा साधी चाचणी येथे अधिक उपयोगी ठरली असती. दुसरी गोष्ट म्हणजे, दुरुस्त केलेल्या उदाहरणावर पहिल्यापेक्षा अधिक विश्वास ठेवला जातो आणि म्हणून त्यातील उरलेली चूक अधिक सुरक्षित राहते. लार्डनर यांनी नोंदवलेल्या शुद्धिपत्राच्या शुद्धिपत्राचा हा नवा अवतारच म्हणावा लागेल.

४.५ बायनरी सर्च : गृहीतकातील चूक (१९४६ ते २००६)

प्रस्तावनेत उल्लेखिलेली शोधाची रीत म्हणजे बायनरी सर्च. क्रमवार यादीचा मध्य पाहावा, हवी असलेली संख्या त्याहून लहान की मोठी हे ठरवावे, निम्मी यादी सोडून द्यावी आणि उरलेल्या निम्म्यात हेच पुन्हा करावे. शब्दकोशात शब्द शोधणारा प्रत्येक जण अजाणता हेच करतो. इतकी साधी ही रीत १९४६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिचे निर्दोष रूप छापून येण्यास १९६२ साल उजाडले, असे नूथ यांच्या आधारे जॉन बेंटली यांनी नमूद केले आहे. बेंटली यांनी व्यावसायिक प्रोग्रामरांच्या वर्गांत हीच रीत लिहिण्यास दिली असता, दोन तास मिळूनही सुमारे नव्वद टक्के जणांच्या आज्ञावल्यांत चुका आढळल्या.

म्हणून बेंटली यांनी ती आज्ञावली पायरीपायरीने, प्रत्येक टप्प्याचे समर्थन देत रचून दाखवली. १९८६ च्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या पुस्तकातून हे विवेचन जगभरच्या वर्गांत पोहोचले. या आज्ञावलीत यादीचा मध्य काढण्यासाठी दोन सीमांची बेरीज करून तिला दोनने भागलेले आहे. कागदावर यात काहीही वावगे नाही. बेंटली यांचे एकेकाळचे विद्यार्थी जोशुआ ब्लॉक यांनी जावा भाषेच्या अधिकृत संग्रहासाठी ही रीत लिहिली तेव्हाही मध्य असाच काढला होता.

२ जून २००६ रोजी ब्लॉक यांनी ही चूक स्वतःच्या नावानिशी जाहीर केली. जावामध्ये पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ एवढी आहे. यादीत १,०७,३७,४१,८२४ हून अधिक घटक असतील, तर दोन सीमांची बेरीज या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होऊ शकते आणि शोध कोसळतो. दुरुस्ती एका ओळीची होती. दोन सीमांची बेरीज न करता त्यांच्यातील फरकाचा निम्मा भाग खालच्या सीमेत मिळवावयाचा. बीजगणिताच्या दृष्टीने दोन्ही सूत्रे एकच आहेत. यंत्राच्या दृष्टीने ती एक नाहीत, कारण गणितातील संख्या अमर्याद असते आणि यंत्रातील संख्येला घर ठरवून दिलेले असते.

१९८६ मध्ये इतक्या मोठ्या याद्या व्यवहारात नव्हत्या म्हणून चूक दिसली नाही, हे स्पष्टीकरण मात्र अपुरे आहे. आपल्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरात राहिलेल्या टर्बो सी या प्रणालीत पूर्णांकाची मर्यादा केवळ ३२,७६७ होती. तेथे हीच बेरीज १६,३८४ हून थोड्या अधिक घटकांच्या यादीतही बिघडू शकत होती. चूक आपल्या टेबलावरच होती. परंतु प्रात्यक्षिकात दहा-वीस संख्यांपलीकडची यादी कोणी घेत नसल्याने ती कधीच समोर आली नाही.

या प्रकरणातील चूक लव्हलेस यांच्या तक्त्यातील चुकीहून वेगळ्या जातीची आहे. तेथे चिन्हांची अदलाबदल झाली होती. येथे प्रत्येक चिन्ह बरोबर होते. 'संख्या कितीही मोठी असू शकते' हे न लिहिलेले गृहीतक चुकीचे होते. अशी चूक मजकूर पुनःपुन्हा वाचून सापडत नाही. उदाहरण कोणत्या मर्यादेत खरे आहे, हा प्रश्न विचारल्यावरच ती सापडते.

४.६ दुरुस्तीची नोंद

दुरुस्ती झाल्यानंतर तिची नोंद ठेवावी की मजकूर गुपचूप बदलावा, हाही या इतिहासातील महत्त्वाचा मुद्दा आहे. नूथ यांनी आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखवणाऱ्यास २.५६ डॉलर देण्याची प्रथा ठेवली आणि दुरुस्त्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. २००८ पासून त्यांनी प्रत्यक्ष धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देणे सुरू केले. तरीही ते मिळणे सन्मानाचेच मानले जाते. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांची 'आरएफसी' ही १९६९ पासूनची मालिका दुसऱ्या मार्गाने जाते. एकदा प्रसिद्ध झालेला दस्तऐवज तेथे बदलला जात नाही. आढळलेल्या चुका स्वतंत्रपणे नोंदवल्या जातात. दोन्ही पद्धतींत मूळ मजकूर, चूक आणि दुरुस्ती ही तिन्ही मागाहून येणाऱ्यास पाहता येतात.

पडद्यावरील माहितीपुस्तिकेत मात्र उदाहरण एका क्षणात बदलता येते. हा मोठा लाभ आहे. पण बदलाची नोंद वाचकापुढे आली नाही, तर जुने उदाहरण उतरवून घेतलेल्या असंख्य वाचकांना आपल्या वहीतील मजकूर चुकीचा आहे हे कधीच कळत नाही. मूळ पान शुद्ध होते, प्रती अशुद्धच राहतात. पोथ्यांच्या अभ्यासकांना ही अवस्था चांगली परिचयाची आहे.

५. निष्कर्ष :

१) छापील आज्ञावलीतील चूक कर्त्याच्या अज्ञानाचे लक्षण नसते. लव्हलेस, होअर, नाउर व बेंटली हे आपापल्या विषयातील अग्रणी होते.
२) चूक दुरुस्त होण्यासाठी उदाहरण प्रत्यक्ष चालवून पाहणारा वाचक, चूक नोंदवण्याची मान्य जागा आणि दुरुस्तीचा माग जपणारी नोंद या तिन्हींची गरज असते. १८४३ मध्ये यांपैकी एकही उपलब्ध नव्हते. १९६० नंतर ती हळूहळू एकत्र आली.
३) दुरुस्ती हा अंतिम शब्द नसतो. नाउर यांच्या उदाहरणात दुरुस्त आवृत्तीलाही दुरुस्ती लागली.
४) काही चुका मजकुरात नसून न सांगितलेल्या गृहीतकांत असतात. म्हणून उदाहरणासोबत त्याची मर्यादा छापणे आवश्यक आहे.
५) सोयीची एकच चाचणी उदाहरणाची अचूकता सिद्ध करीत नाही. यादीचा पहिला, शेवटचा व यादीत नसलेला घटक तपासल्याशिवाय शोधाचे उदाहरण छापू नये.

६. समारोप :

या इतिहासाचा आपल्या अध्यापनाशी थेट संबंध आहे. प्रात्यक्षिक पुस्तिकेतील उदाहरण विद्यार्थी प्रमाण मानतो, कारण परीक्षेत ते प्रमाण मानले जाते. त्यामुळे पुस्तिकेतील चूक दाखवणारा विद्यार्थी आपल्या व्यवस्थेत गुण गमावतो. हिलमोर यांना त्यांच्या व्यवस्थेत मासिकाच्या पानावर स्थान मिळाले. दोघांनी केलेले काम एकाच प्रकारचे होते. प्रात्यक्षिक पुस्तिकेच्या शेवटी शुद्धिपत्रासाठी दोन कोरी पाने ठेवणे, त्यावर चूक शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव व वर्ष लिहिणे आणि पुढील आवृत्तीत ती नोंद छापणे, यास कोणत्याही निधीची वा परिपत्रकाची गरज नाही. वही तपासताना उत्तर पुस्तिकेशी जुळत नसेल, तर फुली मारण्यापूर्वी ते एकदा संगणकावर चालवून पाहावे, एवढी शिस्त शिक्षकाने स्वतःला लावून घेतली तरी पुरेशी आहे. सात संख्यांची यादी घेऊन त्या पेन्सिलीच्या दुरुस्तीची परीक्षा करण्यास पाच मिनिटेही लागली नसती.